मागच्या चाकातले पाच पाउंड

नागपूर, 28 मे

चि. निनाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी तू फोनवर म्हणालास की, मित्राला मागे बसवून वर्ध्याहून सेवाग्रामला जाताना गाडी वळणावर डुलत होती आणि मागचे चाक बसल्यासारखे वाटत होते. त्याच्या आदल्या दिवशी, वर्ध्याला पोहोचताच, तूच मला सांगितले होतेस की पंपावर मागच्या चाकात 33 पाउंड हवा निघाली, म्हणून ती उतरवून 28 करून घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. फोनवर तो नीट सांगता आला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

रविवारी पहाटे आपल्या अंगणात तुझ्या दोन्ही चाकांची हवा मी स्वतः मोजली होती. चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे पुढे 25 आणि मागे, एकट्यासाठी, 28 पाउंड भरली होती. त्या वेळी तापमान 29 अंश होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागलेला, त्यात तू उन्हे उतरायची वाट न पाहता दुपारीच निघालास आणि वर्धा रोडच्या तापलेल्या रस्त्यावर पंचाहत्तरएक किलोमीटर गाडी चालवलीस. चाक फिरताना टायरचे रबर सतत दबते आणि सुटते, त्याने ते आतून तापते. वरून ऊन आणि खालून रस्ता असतोच. टायरमधली हवा 65 अंशांपर्यंत तापली असे धरू आणि मी इतकी वर्षे वर्गात शिकवलेले गणित एकदा तुझ्या चाकावर करून पाहू.

हवा मोजायचे गेज वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवते, म्हणून 28 मध्ये वातावरणाचे सुमारे साडेचौदा पाउंड मिळवायचे, एकूण साडेबेचाळीस. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे, म्हणजे अंशांत 273 मिळवायचे: 29 अंशांचे 302 आणि 65 अंशांचे 338. आकारमान जवळपास तेवढेच राहत असल्याने दाब त्याच प्रमाणात वाढून साडेसत्तेचाळीसच्या आसपास जातो, आणि त्यातून वातावरणाचा दाब वजा केला की उरतात 33. पंपावरच्या गेजने दाखवलेला आकडा नेमका हाच होता. हवा जास्त झालीच नव्हती. ती फक्त तापली होती. तू मात्र तापलेल्या चाकातून पाच पाउंड काढून टाकलेस, आणि रात्रभरात टायर निवल्यावर सकाळी तेथे साडेतेवीसच उरले. त्यावर तुम्ही दोघे बसलात, आणि दोघांसाठी त्याच स्टिकरवर 32 लिहिलेले आहे. गाडी डुलली नसती तरच नवल होते.

भार टायरचे रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवेचे 28 पाउंड म्हणजे दर चौरस इंचाला 28 पाउंड, अर्थात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो. तू एकटा बसलास की मागच्या चाकावर साधारण 120 किलो भार येतो, तेव्हा ठोकळमानाने साठ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या तळहातापेक्षाही थोडा लहान, एवढाच तुकडा जमिनीला टेकलेला असतो. मागे माणूस बसला की त्याचे बहुतेक वजन मागच्याच चाकावर येते. हवाही कमी असली तर तो तुकडा दुपटीकडे जातो, टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात फुगून वाकते, रबर आणखी तापते आणि वळताना गाडीची मागची बाजू हलते. खड्ड्यात आपटले तर रिमला मार बसतो तो वेगळाच.

तुझ्या जन्माआधी मी आणि तुझे बाबा जुन्या गाडीवर रामटेकला निघालो होतो. तिला ट्यूबचे टायर होते आणि मी मागे बसणार म्हणून हवा वाढवायला हवी, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. कन्हानचा पूल ओलांडल्यावर चाक एकाएकी बसले. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढून दाखवली, तेव्हा कुठेही खिळा नव्हता. हवा कमी असल्याने टायर रिमवर सरकत गेला होता, त्याने ट्यूबही ओढली गेली आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन मुळाशीच फाटला होता. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्हही रिममधून किंचित कललेला त्याने बोटाने दाखवला. तो कललेला व्हॉल्व्ह मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. तुझे टायर ट्यूबलेस आहेत, म्हणून हा धोका तुला तसा नाही, पण भार पाहून हवा ठरवण्याची गरज तेवढीच आहे.

टायरच्या बाजूवर कोरलेला हवेच्या पाउंडांचा आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो, भरायचा दाब नव्हे. काही मुले तेवढी हवा भरतात आणि गाडी हलकी पळते म्हणून खूश होतात. असे टायर फक्त मध्यभागी झिजते, ब्रेक लावताना पकड कमी मिळते आणि आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांचा प्रत्येक जोड थेट कमरेत लागतो. पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा उतरवणारेही मी पाहिले आहेत; ते त्याहून चुकीचे आहे, कारण मऊ टायरच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

म्हणून हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, निघण्यापूर्वी मोजत जा. दुपारी पंपावर आकडा चार-पाच पाउंड जास्त दिसला तरी हात लावू नकोस. मात्र तापलेल्या चाकातही स्टिकरवरचाच आकडा किंवा त्याहून कमी निघाला, तर हवा खरोखरच कमी आहे. तिथेच भरून घे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोज. व्हॉल्व्हचे टोपण हरवू देऊ नकोस, धूळ गेली की हवा हळूहळू सुटते. डिसेंबरात नागपूर-वर्ध्याची थंडी पडली की काहीही न बिघडता दोन पाउंड आपोआप कमी होतील, तेव्हाही पाहावे लागेल.

दोन पंपांवरची गेजे एकाच चाकाला दोन-तीन पाउंडांचा फरक दाखवताना मी पाहिली आहेत, म्हणून तुझ्यासाठी एक डायलचे गेज घेतले आहे. शेजारच्या काकू परवा वर्ध्याला येणार आहेत, त्यांच्यासोबत पाठवते आहे. शनिवारी एकटाच येणार असशील तर मागे 28, मित्राला आणणार असशील तर 32. निघण्यापूर्वी दोन्ही चाकांचे आकडे मला फोनवर सांग, आणि या वेळी उजाडताच नीघ.

तुझी,
आई