खाणीच्या पैशातून शिका, पण खाणीविषयी नको!

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट मुद्द्यावर येते. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या गुणगौरव सोहळ्यात आपण माइक हातात घेऊन सांगितले होते की खाणग्रस्त घरातले मूल परदेशी शिकायला निघाले तर आईबापांनी पैशांची काळजी करू नये, खनिज निधी, म्हणजे खाणवाले खाणग्रस्त भागासाठी भरतात तो पैसा, त्यांचाच आहे. टाळ्या पडल्या. माझ्या आईनेही वाजवल्या. त्याच निधीतून मदत मिळावी म्हणून मी अर्ज केला. परवा आपल्या कार्यालयाचे पत्र आले. चार ओळींचे. माझा अभ्यासक्रम 'खाणपट्ट्याच्या गरजांशी निगडित नसल्याने' अर्जाचा विचार करता येत नाही म्हणे. पत्राला जावक क्रमांक आहे, सही आहे, शिक्का आहे. सही कुणाची ते मात्र लागत नाही.

मला प्रवेश मिळाला आहे तो जर्मनीतल्या कॉटबुस शहरात, पर्यावरण आणि संसाधन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला. प्रबंध करायचा आहे लोहखनिजाच्या आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्रावर. म्हणजे आमच्या डोंगरातली माती कोण विकत घेतो, भाव कोण ठरवतो, नफा कुठे जातो आणि चिखल कुणाच्या शेतात उतरतो, यावर. याचा खाणपट्ट्याशी संबंध नसेल तर कशाचा आहे? की खाणपट्ट्याची गरज म्हणजे फक्त जेसीबी चालवायला शिकणे?

कॉटबुस मी नकाशात बोट ठेवून निवडलेले नाही. तो कोळशाचा प्रदेश आहे. २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करायचा कायदा जर्मनीने २०२० मध्ये केला आणि त्याच वेळी कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद केली. शहराला लागून असलेली उघडी खाण २०१५ मध्ये थांबली, २०१९ पासून तिच्यात पाणी सोडून तलाव करायला घेतला. आमच्या डिचोलीतही खाणींचे तलाव झाले आहेत. ते पावसाने केले, सरकारने नाही, आणि काठावर कुंपण घालायचे कुणाला सुचले नाही.

तिथे फी जवळजवळ नाही. पण व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, आधीच भरून दाखवावे लागतात. बारा लाखांच्या घरात जातात. आपल्या सोहळ्याच्या मांडवाला किती आले होते, हे सहज विचारते.

आता आमच्या घराचे ऐका. बाबांनी लोहखनिजाच्या तेजीच्या दिवसांत बँकेचे कर्ज काढून खाणीचा माल वाहायला ट्रक घेतला. गावात सगळेच घेत होते, बँकाही दारात येऊन देत होत्या. चीनमध्ये २००८ च्या ऑलिंपिकच्या सुमारास बांधकामाला ऊत आला होता आणि आपली हलक्या प्रतीची खनिजमाती, जी आधी डंपात, म्हणजे खाणीबाहेर टाकलेल्या ढिगात, पडून असायची, तीही बार्जमध्ये चढू लागली. भाव आभाळाला भिडले, पण लोहखनिजावरचे स्वामित्वधन, म्हणजे सरकारला मिळणारी रॉयल्टी, ऑगस्ट २००९ पर्यंत टनामागे ठरावीक काही रुपयेच होते. किंमत दुप्पट होवो की चौपट, सरकारच्या पदरात तेवढेच. हे कुणी होऊ दिले, तेवढे तरी शिकून येऊ का?

मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचे खाणकाम बेकायदा. म्हणजे बाबांनी हप्ते फेडायला वाहिलेला माल बेकायदा, बँकेचा हप्ता मात्र कायदेशीर! वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून पुन्हा सुरू झाले, तर २०१८ मध्ये ८८ लीज रद्द. ट्रक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. टायर आधी विकले, मग बॅटरी, शेवटी सांगाडा किलोच्या भावाने. बाबा आज दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. शेत आहे, पण पहिल्या पावसात डंपचा लाल चिखल उतरतो, वाळला की नांगर शिरत नाही. विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, कारण खाण पाण्याच्या पातळीखाली गेली आणि पंप रात्रंदिवस चालले. आईच्या बांगड्या पतपेढीत आहेत. माझ्या शिक्षणासाठी आता ठेवायला काही उरलेले नाही, हेही आपल्या अर्जात एका रकान्यात लिहायला लावले होते.

बेकायदा खाणकामाची चौकशी करायला केंद्राने नेमलेल्या शहा आयोगाने गोव्याचे नुकसान पस्तीस हजार कोटींच्या आसपास सांगितले, शे-दोनशे कोटी इकडेतिकडे. त्यातले किती वसूल झाले? न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला लावली. पुढची पिढी म्हणजे कोण, मंत्रिमहोदय? मी नाही? माझ्यानंतर जन्मणारी असेल, तर तिलाही तुम्ही असेच पत्र पाठवाल. जिल्हा खनिज निधीत जुन्या लीजवाल्यांनी स्वामित्वधनाच्या तीस टक्के भरायचे आणि लिलावात घेतलेल्या नव्यांनी दहाच. लिलावात सरकारी तिजोरीला जास्त मिळते हे उत्तर मला पाठ आहे. पण तिजोरी पणजीत, धूळ आमच्या गावात.

आणि हे एकट्या आपले नाही. पोर्तुगीज गेले, त्यांनी दिलेली खाणींची कन्सेशन्स, म्हणजे खाणकामाचे हक्क, राहिली. ती लीज व्हायला १९८७ चा कायदा यावा लागला. पक्ष बदलले, पात्रांव, म्हणजे मालक, तेच. निवडणूक आली की खाणी 'दोन महिन्यांत' सुरू होतात आणि ग्रामसभेत कुणी विहिरीचे विचारले की तो विकासविरोधी ठरतो. शिकलेली पोरे हिशेब मागतील ही भीती आहे का? मग सोहळे कशाला करता? नारळ, शाल, प्रमाणपत्र घेऊन आम्ही गप्प घरी बसायचे का?

मागणी दोनच ओळींची आहे. माझा अर्ज पुन्हा उघडा आणि 'निगडित' अभ्यासक्रम कोणते, ते कोणी आणि कोणत्या बैठकीत ठरवले, हे लेखी कळवा. शिवाय खनिज निधीतून आजवर कुणाच्या शिक्षणाला किती दिले, त्याची तालुकावार यादी पंचायतीच्या फलकावर लावा. व्हिसाची तारीख ऑगस्टमध्ये आहे. त्यानंतर आलेले उत्तर मला नको, ते माहिती आयोगापुढे कामाला येईल.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक खाणग्रस्त विद्यार्थिनी