यार्डाच्या तोंडाशी एकच चुंबक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मॉडेल रेल्वेच्या नव्या यार्डाच्या पाचही साईडिंगवर (वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळांवर) वाघिणी सोडवण्यासाठी एकेक चुंबक बसवण्याचा तुझा विचार आहे. माझे ऐकशील तर एवढी खरेदी करू नकोस. यार्डाच्या तोंडाशी, सरळ रुळावर बसवलेला एकच चुंबक तुझे सारे शंटिंग, म्हणजे वाघिणी सोडण्या-लावण्याचे काम, पार पाडील.

डबे एकमेकांना जोडणाऱ्या केडी कपलरखाली लोंबणारी वाकडी पोलादी तार ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी दिसते, पण तिचे काम चुंबकाशी असते. इंजिन आणि वाघीण यांचा सांधा चुंबकावर थांबवून इंजिन किंचित मागे रेटले, की सांध्यातला ताण सैल होतो, दोन्ही तारा विरुद्ध बाजूंच्या रुळांकडे खेचल्या जातात आणि कपलरचे जबडे उघडतात. वाघीण तिथेच सोडायची असेल तर इंजिन पुढे काढावे, काम संपले. मात्र इंजिन जेमतेम जबडे सुटण्याइतके पुढे घेऊन पुन्हा मागे रेटले, तर जबडे एकमेकांत न अडकता नुसते टेकून राहतात, आणि त्या अवस्थेत वाघीण हव्या त्या साईडिंगवर, हव्या त्या जागेपर्यंत ढकलत नेता येते. तिथून इंजिन पुढे निघाले की वाघीण जागच्या जागी राहते आणि जबडे आपोआप मिटतात. कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून या कपलरला नाव मिळाले. त्यांच्या या युक्तीचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. पथ्य एकच : ढकलताना वाटेत इंजिन पुढे ओढू नये, नाहीतर वाघीण तिथेच सुटते आणि पुन्हा रेटल्यावर कपलर जुळतात.

कायमचा चुंबक मेन लाईनवर मुळीच बसवू नकोस. माझ्या तळघरातल्या लेआउटवर मी ती चूक केली होती. चौदा वाघिणींची मालगाडी स्टेशनापाशी मंदावली, सांधे सैल झाले, आणि निम्मी गाडी चुंबकावरच उभी राहिली. आता तिथे विद्युतचुंबक आहे. बटण दाबेपर्यंत तो निपचित असतो. काही हलक्या वाघिणी चुंबकाकडे आपोआप सरकत, कारण त्यांचे आस लोखंडी होते. ते बदलल्यावर हा त्रास थांबला.

सगळ्यात जास्त वेळ तारेच्या उंचीला दे. आपल्या एचओ मापात (१:८७ प्रमाणात) तारेचे टोक रुळाच्या माथ्यापासून सुमारे ०.८ मिमी वर हवे. त्याहून खाली आले तर ते पॉइंट्समध्ये (रूळ बदलण्याच्या सांध्यात) अडकून वाघीण रुळावरून उतरते, फार वर गेले तर चुंबकाची ओढ पोहोचत नाही. मापपट्टी रुळावर ठेवून, बारीक पक्कडीने तार थोडी थोडी वाकवत प्रत्येक कपलर तपासावा. एका वाघिणीला दहा मिनिटे लागली तरी लागू देत. कपलरला तेल कधीही लावू नकोस, पुण्याच्या धुळीत त्याचा चिकटा होईल. चिमूटभर कोरडी ग्रॅफाइटची पूड पुरते.

यार्डाच्या तोंडाशी सरळ रूळ किती लांब आहे, ते मोजून कळव. चुंबकाच्या पुढे तुझे सर्वांत लांब इंजिन पूर्ण उभे राहिले पाहिजे.

तुझा मित्र