आजीच्या लुगड्याचं दुपटं

पुणे

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेल्या महिन्यात तू फोनवर दोनदा विचारलंस, ‘आवाज असा का येतोय रे?’ दोन्ही वेळा मी सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी नव्हती. उन्हाळ्यापासून मला झोप लागत नव्हती. रात्री दोन-अडीचला जाग यायची, छातीत धडधडायचं आणि मग उजाडेपर्यंत हातात मोबाइल. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या चालू आहेत, गुणही येतोय. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

पण त्याहून महत्त्वाचं सांगायचंय ते पुढे आहे. ताईच्या बाळासाठी दुपटं शिवून घे म्हणून तू आजीचं हिरवं इरकली लुगडं दिलं होतंस ना? शिवून देणारं इथे कुणी पटकन मिळेना. एका रात्री अशीच जाग आली, तेव्हा ते पिशवीतून काढलं आणि स्वतःच बसलो.

चार पदर एकावर एक अंथरले, सुरकुत्या काढल्या आणि हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घातले. मग तू ओसरीवर घालायचीस तसा धावदोरा, काठापासून आत, चौकटीच्या आत चौकट. खालच्या बाजूला आधी नवं कापड लावलं होतं. त्यातून सुई निघेना, बोटं दुखली. ते काढून माझं जुनं धोतर लावलं, ताईच्या लग्नातलं. आजीचं लुगडं मात्र इतक्या वेळा धुतलंय की सुई आपोआप पलीकडे जाते. बाळाला जुनंच कापड का घालतात, ते हाताला आधी कळलं.

पहिली ओळ नागमोडी गेली, ती तशीच ठेवली आहे. तिसऱ्या-चौथ्या ओळीला कधीतरी श्वास संथ झाला. दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइल उचलता येत नाही. मन उद्याच्या कामाकडे पळतं, पण नजर हलली की सुई बोटाला टोचते आणि परत टाक्यावर यावं लागतं. हे रात्रीतून पन्नासदा होतं. पळायचं, परत यायचं. त्या रात्री साडेचारला दिवा मालवला आणि आठपर्यंत झोपलो. रोज असं होत नाही. पण आता जाग आली तर भीती वाटत नाही, दुपटं जवळच असतं.

आई, तू आणि शेजारच्या काकू वैशाखात दुपारभर गोधडी घेऊन बसायच्यात. मला वाटायचं, काम उरकताय. तुमच्या मनातलं काय काय त्या टाक्यांत जात असेल, हे मी कधी विचारलंच नाही. दसऱ्याला आलो की सांगशील?

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या ट्रंकेत फौजेतला तो खाकी बटवा अजून आहे ना, सुई-दोऱ्याचा? शर्टाचं बटण तुम्ही कधी आईला लावू दिलं नाहीत. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना इंग्लंडमधल्या इस्पितळांत भरतकाम शिकवायचे. पाय गेलेले, तोफांनी मन हादरलेले जवान पलंगावर बसून सुई चालवायचे. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी त्यांनी वेदीचं वस्त्र भरलं. १९१९च्या जुलैत, युद्ध संपल्याच्या प्रार्थनेला ते तिथे होतं. त्याच युद्धात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान गेले. लहानपणी तुम्ही मला तिथे नेलं होतं आणि तो आकडा वाचायला लावला होता. जे परत आले त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, हा प्रश्न मला आता पडतो. आणि तुमच्याही रात्री, बाबा. ओसरीवरच्या तुमच्या येरझाऱ्या मी झोपेचं सोंग घेऊन ऐकल्या आहेत.

म्हणून एक मागणं आहे. मोतीबिंदूमुळे आईला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून तिची गोधडी अर्धी पडून आहे. तुम्ही रोज सकाळी चहानंतर दहा सुया ओवून गादीला टोचून ठेवा. टाके तिला नजरेपेक्षा बोटांनीच कळतात. जमलं तर दुसऱ्या टोकाला तुम्हीही बसा, एक ओळ तुमची. पार्सलमध्ये सुया, अंगुस्तान आणि मेणाचा तुकडा पाठवतोय. दोरा मेणावरून एकदा ओढला की गुंतत नाही. सुयांच्या पाकिटावरचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. तुमच्यासाठी लहान नंबरची, मोठ्या नेढ्याची घेतली आहे.

आणि दोरा हातभरच घ्या, बाबा. आई लांब दोरा चालू देत नाही.

तुमचा,
धाकटा