झाकण

पुणे, रविवार, रात्रीचा दीड

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तेही कामापुरतं. शिव्या घालून घे, मग पुढे वाच. बीपी गोळीवर, गुडघा देवावर.

आपल्या क्ष-किरण दुर्बिणीचं झाकण अडकलं.

हे घरी सांगितलं तर म्हणाली, चमचा घालून उचक. शुक्रवारी निर्वात टाकीत, उणे २० अंशांवर, तिसरी खेप. खीळ सुटल्याचा दिवा लागला आणि दार ढिम्म. ४० सेकंदांनी काय मनात आलं कोण जाणे, सावकाश उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीतच बसून राहिलो. बिजागरीतली दुसरी स्प्रिंग मी काढली होती, हे त्या खोलीत मला एकट्यालाच आठवत होतं. आणि खोलीबाहेर, तुला.

तीन आठवडे अबोला धरला होतास! मीही कमी नव्हतो. माझं म्हणणं, दुसरी स्प्रिंग लावली की दार शेवटी थाडकन आपटेल आणि आत चिकटवलेले आरशांचे पत्रे जागचे हलतील. ते खोटं नव्हतं रे. पण मनात वजनाचा तक्ता होता, ८०० ग्रॅम वाचवून शाबासकी हवी होती. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय, वहिनींना वाचून दाखवू नकोस.

जपान्यांचं आठवतं ना? त्यांचा क्ष-किरण उपग्रह क्रिझम सप्टेंबर २०२३ मध्ये गेला आणि त्यावरच्या रेझॉल्व्ह या उपकरणासमोरची झडप पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही उघडेना. ०.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांपासून दिसायचं ते १.७ पासून दिसू लागलं. तरी बिचारे काम करतात, कारण त्या झडपेत जास्त ऊर्जेचे क्ष-किरण आत सोडणारी बेरिलियमची खिडकी आहे. आपल्या दारात काय आहे? ॲल्युमिनियमचं ताट! मंगळागौरीला वाजवायला बरं.

नवा पोरगा म्हणतो, सर, झाकणच नको. गोंदाची वाफ आरशांवरच्या सोन्यावर बसली की मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण तिच्यातला कार्बनच गिळून टाकतो, हे त्याला तुझ्या खापरीवरून समजावलं: तिरपी मारली तर तळ्यावरून उडत जाते, तसेच क्ष-किरण सोन्यावरून, पण तळ्यावर शेवाळ असेल तर? आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला, त्यावरच्या एसएक्सटी या मऊ क्ष-किरण दुर्बिणीला पहिला उजेड २६ ऑक्टोबरला. उगाच नाही थांबले चार आठवडे. पोरगा मान डोलावून म्हणाला, ‘मग दोन स्प्रिंगा का नाहीत?’ तुझा कुणी नातलग आहे का तो?

आता ऐक. तुझ्या हिरव्या वहीत दाराच्या थांब्याचं एक चित्र होतं. मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी, दार आपटलं की ती चुरगळते आणि धक्का पिऊन टाकते. दर चाचणीला नवी जाळी लागेल म्हणून मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर हसलो होतो. त्या पानाचा फोटो पाठव. मंगळवारी समितीपुढे उभं राहायचंय. वजन कुठून आणू ते मी बघतो, आणि चित्र कुणाचं तेही सांगेन.

तुझं नवं घर झालं का? चिनूला कुठे प्रवेश मिळाला? बाबांचा मोतीबिंदू? सविस्तर पुढच्या पत्रात, खरंच.

तुझा,
अव्या

ता. क. वही रद्दीत घातली असशील तर आज सांगू नकोस, बुधवारी सांग.