शनिवार-रविवारी आम्ही आणखी कुठे जातो?

तिबिलिसी, जॉर्जिया
१५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी रात्री आमचा फोन लागला नाही आणि तुम्ही दोघेही उशिरापर्यंत जागे राहिलात, हे काल आईच्या आवाजावरूनच माझ्या लक्षात आले. तुमच्या जिवाला घोर लावल्याबद्दल मनापासून क्षमा मागते. कालच्या बोलण्यात आईने विचारले होते की, तुम्ही तर वर्षभर फिरतीवरच असता, मग शनिवार-रविवार आला की आणखी कुठे जाता? मी तेव्हा विषय बदलला. परंतु प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असलेली माणसे मनाला येईल तेव्हा उठतात आणि चालू लागतात, असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. आमचे दिवस मात्र फार ठरवलेले असतात. पुढच्या मुक्कामाचे भाडे, विमानाची तिकिटे, व्हिसाचे अर्ज, विम्याच्या मुदती, नव्या घरातील इंटरनेट कामापुरते चालेल की नाही याची चौकशी, हे सारे कित्येक आठवडे आधी उरकावे लागते. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांच्या गटात, असताना तर एकेक दिवस मोजावा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत तेथे ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, ही १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते, आणि आत आल्याचा व बाहेर पडल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. तुमच्या जावयांनी त्यासाठी एक वेगळी वही केली आहे. त्या वहीतले दिवस संपत आले, म्हणूनच आम्ही ऑगस्टमध्ये शेंगेनच्या बाहेर, इथे जॉर्जियात आलो.

त्यात काम आहेच. येथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे भारतातील कार्यालयीन वेळ सांभाळायला सकाळी आठला बसावे लागते आणि पाचला सुटका होते. घरात टेबल एकच आहे. एका टोकाला मी बसते आणि दुसऱ्या टोकाला ते. दिवसभर आम्ही एकमेकांच्या समोर असतो, पण बोलणे काय होते? ‘तुझी मीटिंग संपली का’, ‘घरमालकाला पैसे पाठवले का’, ‘जरा हळू बोल, माझा कॉल सुरू आहे’. मुक्काम बदलताना आम्ही एकत्र प्रवास करतो खरे, मात्र त्या प्रवासात सामानाचे वजन आणि विमानतळावरच्या रांगा यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. आठवड्याचा शेवट आम्ही न ठरवता मोकळा ठेवतो तो यासाठी, आणि आई, मला त्याची फार गरज वाटते.

शुक्रवारी लॅपटॉप मिटेपर्यंत कुठे जायचे याविषयी अवाक्षर काढायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. मग एकाने दिशा सांगायची आणि दुसऱ्याने परतीची वेळ. खोलीचे आरक्षण करायचे नाही आणि रविवारी अंधार पडण्यापूर्वी घरी यायचे. दोन पाठपिशव्या दाराशी भरलेल्याच असतात.

तिबिलिसी अशा जाण्यासाठी फार सोयीचे शहर आहे. येथे मार्शरुत्का नावाच्या मिनीबस चालतात. मेट्रोने दिदुबे स्थानकावर उतरले की बाहेरच त्यांचा मोठा तळ लागतो आणि चालक गावांची नावे पुकारत उभे असतात. बहुतेक गाड्या भरल्या की सुटतात, त्यामुळे आधी तिकीट काढण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. काचेवरची पाटी मात्र पुष्कळदा फक्त जॉर्जियन लिपीत असते. त्या लिपीत ३३ अक्षरे आहेत, आणि ती मी पहिल्या पंधरवड्यात रोज रात्री गिरवून शिकले, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण शनिवारचा सारा प्रकार त्या अक्षरांमुळेच घडला.

शनिवारी त्यांनी उत्तर दिशा सांगितली. उत्तरेला काझबेगी आहे. कॉकेशसच्या मुख्य रांगेतले, सुमारे दीडशे किलोमीटरवरचे हे गाव आणि त्याच्या डोक्यावर पाच हजार मीटरहून उंच असलेले काझबेक शिखर. ते पाहावे असे त्यांच्या मनात कितीतरी दिवसांपासून होते. आम्हाला मार्शरुत्केत मागच्या दोन जागा मिळाल्या. सुमारे ७० किलोमीटर गेल्यावर रस्त्याकडेच्या एका पाटीवर माझी नजर गेली. पहिली दोन अक्षरे पाठोपाठ पुन्हा आलेली पाहून मी ती जुळवत गेले, आणि ‘अनानुरी’ असे वाचून होते न होते तोच वळणावर निळ्या-हिरव्या पाण्याच्या काठी उभा किल्ला दिसला. कोणताही विचार न करता मी ‘गाआचेरेत’, म्हणजे ‘थांबवा’, असे मोठ्याने म्हणाले. गाडी थांबली, आम्ही उतरलो आणि ती निघून गेली.

किल्ला खरोखर सुंदर आहे. खालचे पाणी झिनवाली धरणाचे आहे आणि तिबिलिसीला पिण्याचे पाणी त्याच धरणातून जाते. तटाच्या आत १६८९ साली बांधलेले चर्च आहे. त्याच्या दक्षिण भिंतीवर एक मोठा क्रूस कोरलेला असून त्याच्या पायथ्याशी द्राक्षवेली आहेत. मी जवळ जाऊन पाहिले, तर पानांच्या शिराही दगडात उतरवलेल्या होत्या. आम्ही तासभर तेथे रमलो आणि मग पुढची गाडी धरण्यासाठी रस्त्यावर येऊन उभे राहिलो.

तेथे माझी चूक उघडी पडली. गाड्या दिदुबेलाच भरून निघत असतील, तर मधल्या थांब्यावर जागा कुठून मिळणार? हात केला की चालक हाताने ‘भरली’ अशी खूण करून पुढे जात. हाच रस्ता पुढे रशियाच्या सीमेकडे जात असल्यामुळे मालट्रक एकामागून एक येत होते आणि त्यांच्या धुळीत आम्ही दोन तासांहून अधिक वेळ उभे होतो. पहिला तासभर ते काहीच बोलले नाहीत. नंतर शांतपणे म्हणाले, “मला काझबेगीला जायचे होते, हे तुला माहीत होते.” मला माहीत होते. मी एकटीनेच ठरवून आम्हा दोघांना खाली उतरवले होते, आणि मी तसे कबूल केले. मग रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून आम्ही बोलत राहिलो. आधी त्या उतरण्याविषयी, नंतर असे हिंडणे आणखी किती वर्षे चालवायचे, तुमचे वय होत असताना आम्ही इतक्या दूर असावे का, आणि त्यांना या कामात खरोखर समाधान आहे का, याविषयी. त्या टेबलाशी बसून हे बोलणे कित्येक महिन्यांत झाले नव्हते. किती वर्षे ते अजून ठरलेले नाही. परंतु येणारा उन्हाळा तुमच्याकडे घालवायचा, हे त्या कठड्यावर पक्के झाले.

उलट्या दिशेने येणाऱ्या एका गाडीत शेवटी दोन जागा मिळाल्या आणि संध्याकाळी आम्ही म्त्सखेता या गावी उतरलो. ही जॉर्जियाची प्राचीन राजधानी. तेथील वास्तू १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एका घरगुती निवासात खोली मिळाली. चार्जर आणि पॉवर बँक मात्र मी घरी टेबलावरच विसरले होते आणि दोन्ही फोन बंद पडले होते. घरच्या बाईंचा फोन मागता आला असता. पण आपल्याकडे साडेदहा वाजून गेले होते, तुम्ही झोपला असाल असे मी गृहीत धरले. तसे धरायला नको होते.

रविवारी सकाळी टेकडीवरच्या ज्वारी मठापाशी गेलो. चौदाशे वर्षांपूर्वीची ती वास्तू आहे. तेथून खाली अराग्वी नदी म्त्क्वारीला मिळताना दिसते. अराग्वीचे पाणी निळसर, म्त्क्वारीचे गढूळ. संगमानंतरही काही अंतर दोन्ही रंग शेजारीशेजारी वाहत होते. आम्ही बराच वेळ ते पाहत बसलो आणि दुपारी घरी परतलो. अंतर अवघे वीसेक किलोमीटर.

बाबा, तुमच्यासाठी थोडे लिहिते. पारपत्राच्या प्रती दोन्ही पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, सुटे पैसे असतात, आणि येथे कोणत्याही आपत्तीत ११२ हा एकच क्रमांक फिरवावा लागतो. पॉवर बँक आता कायमची पिशवीत गेली आहे. यापुढे बाहेर असू तेव्हा तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री नऊच्या आत, कोणाचाही फोन मागावा लागला तरी, आमचा निरोप येईल.

येत्या शुक्रवारी दिशा मी सांगायची आहे. मी उत्तरच सांगणार आहे, आणि या वेळी गाडी काझबेगीला पोहोचेपर्यंत जागेवरून उठणार नाही.

आईने गुडघ्याची औषधे वेळेवर घ्यावीत. कळावे, लोभ असावा.

तुमची लेक