ध्रुवण दिसले, म्हणजे नवा कण नव्हे

संपादक महोदय,

क्ष-किरणांत ध्रुवण (विद्युत क्षेत्राची कंपने एका ठरावीक दिशेत जास्त असणे) आढळले की लगेच ‘अ‍ॅक्सिऑनसदृश कणाचा पुरावा’ म्हणण्याची घाई नको; हा कण अजून फक्त सिद्धांतात आहे. फोटॉनच्या (प्रकाशकणाच्या) विद्युत क्षेत्राचा बाह्य चुंबकीय क्षेत्राला समांतर घटकच अशा कणात बदलू शकतो; लंब घटक तसाच उरतो. म्हणून मुळात अध्रुवित किरणही अंशतः ध्रुवित होऊ शकतात. पण क्रॅब पल्सारसारख्या (वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) स्रोताचे किरण निघतानाच ध्रुवित असतात. त्यापेक्षा दीर्घिकासमूहातील तप्त वायू बरा, त्याचे किरण जवळपास अध्रुवित.

अडचण फोटॉनसंख्येची. उपकरणाचा मॉड्युलेशन फॅक्टर (पूर्ण ध्रुवित किरणांना ते किती स्पष्ट प्रतिसाद देते याचे माप, कमाल १) ०.३ असेल तर, पार्श्वभूमी (इतरत्रचे नको असलेले संकेत) शून्य धरूनही, १० टक्के ध्रुवण ९९ टक्के खात्रीने ओळखायला सुमारे २०,००० फोटॉन लागतात. ५ टक्क्यांसाठी चौपट. अशा शोधाच्या बातमीत फोटॉनसंख्या आणि ध्रुवण ऊर्जेनुसार कसे बदलते, हे कृपया छापावे.

– एक वाचक