नाथसागरातल्या आमच्या होडीची टाकी साफ करून देणाऱ्या मिस्त्री मामांना

मिस्त्री मामा, रामराम.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या दादांची इंजिनची होडी पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात चालते, जाळी न्यायची, मासळी काठावर आणायची, घर सगळं तिच्यावर. पावसाळ्यानंतर तिनं लई त्रास दिला. काठाजवळ इंजिन एकदम मस्त, पण मधे गेलं आणि वारं सुटलं की रेस पडायची आणि बंद. ज्यानं बघितलं त्यानं फिल्टर बदला, नोझल बदला, पंप उतरवा एवढंच सांगितलं, नवा फिल्टर टाकला की थोडे दिवस बरं चालायचं, परत तेच. दादा अंधारात वल्ही मारत यायचे आणि आई काठावर बॅटरी घेऊन उभी असायची.

तुम्ही ट्रॅक्टरवाले, तरी आलात, आणि इंजिनाला हात न लावता आधी टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. चहा होईपर्यंत बाटलीत खाली पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधे काळपट, बुळबुळीत थर. मग तुम्ही दादांना शांतपणे सांगितलं, टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेचं रात्री गारव्यानं आत पाणी सुटतं, ते जड म्हणून तळाला बसतं आणि त्याच्या नि डिझेलच्या मधल्या पट्ट्यात बुरशी, जंतू वाढतात, लाटांनी टाकी हलली की तो गाळ उठून फिल्टरमध्ये जातो. म्हणून वाऱ्यातच बंद पडायची! एवढ्या दिवसात हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरा कुणी औषध टाकून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात औषधानं जंतू मरतात पण मेलेला गाळ तिथंच राहतो, आधी टाकी खोलायची. पार आतल्या पडद्यामागं हात घालून पुसलीत, तेही धागे सुटणार नाहीत अशा कापडानं, मग पाइप, दोन्ही फिल्टर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा, खाली काचेची वाटी असलेला वॉटर सेपरेटर, शेवटी बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा काढली. आणि मला सगळ्यात भावलं ते म्हणजे त्या घाण डिझेलचा एक थेंब धरणात पडू दिला नाही, सगळं कॅनमध्ये भरून घेऊन गेलात. हे पाणी संभाजीनगर, जालन्यापर्यंत लोक पितात हे कामाच्या गडबडीत कोण ध्यानात ठेवतं मामा.

आता दादा रोज इंजिन चालू करायच्या आधी वाटीतलं पाणी काढतात आणि संध्याकाळी टाकी भरूनच होडी बांधतात. झाकणाचा रबर पण नवा टाकला. परवा चांगलंच वारं होतं तरी होडी आडवी पार जाऊन आली, मधे एकदाही आवाज पडला नाही.

तुमचे उपकार आहेत मामा, मनापासून. आणि एक काम पण आहे, तुमची बाटली बघून शेजारच्यांनी पण तळाचं डिझेल काढून बघितलं, त्यांच्यातही तोच काळा थर निघालाय. ते लोक टाक्या खोलायला तुमचीच वाट बघतायत, कधी जमेल तेवढं दादांना कळवा.